खिडकीमागची पांढरी कढी

लखमी,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी निहारचा फोन आला. माझ्या भाच्याची सवय तुला माहीत आहे. आधी “मामा, बरा आहेस ना?” विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. त्या दिवशीही तसंच. मग म्हणाला, “वाईट झालं रे. फार वाईट झालं.” आणि पुढे म्हणाला, “शिरक्याच्या बरण्या किती उरल्यात?”

तेव्हाच मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

हा मजकूर आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकात येईल. त्यात गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तेव्हा तो प्रेमळ होता, कष्टाळू होता, सगळ्यांना हवासा होता असं लिहितात. तू कष्टाळू होतीस हे खरं. प्रेमळ होतीस की नाही ते मला वीस वर्षांत नक्की कळलं नाही. आमच्या नरपडच्या वाडीवर तू स्वयंपाक केलास. माझ्या आईला शेवटच्या आजारपणात तिच्या मुलांपेक्षा जास्त वेळ पेज भरवलीस, आणि ती गेल्यावर आमच्या घरात सर्वांत कमी रडलीस. मी विचारलं तर म्हणालीस, “रडायला तुम्ही आहात ना शेठ, चूल कोण बघणार?” त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानले तर ते तुला ऐकू जाणार नाहीत, म्हणून तो विषय इथेच थांबवतो. मला सुडाबद्दल लिहायचं आहे.

वाचणाऱ्यांना आधी जागा सांगायला हवी. निहार फ्रान्समध्ये स्वयंपाक शिकून आला आणि मला म्हणाला, “मामा, तुझी चिकू भरायची शेड मला दे.” मी दिली. घोलवडच्या व्यापाऱ्यांना माल थेट वाडीतूनच जाऊ लागल्यापासून ती रिकामीच होती. त्याने तिथे जांभळाच्या लाकडाची एक लांब फळी बसवली, तिच्यापुढे आठ स्टूल ठेवली आणि फळीच्या पलीकडे शेगड्या. शनिवार-रविवारी दुपारी आठच पाहुणे. मुंबईचे, वापीचे, कधी सुरतेचे. टेबल नाही, मेनूकार्ड नाही. शेफ समोर उभा राहून रांधतो, हातानेच ताटली पुढे सरकवतो आणि काय आहे ते सांगतो. वाढवणहून सकाळी आलेलं पापलेट, आमच्या वाडीतली भाजी, आणि वर फ्रेंच पद्धतीचा लोण्याचा सॉस. “इथे काही लपवायचं नसतं, मामा,” निहार म्हणायचा. “म्हणून तर माणसं काउंटरवर बसतात.”

आणि त्याच्या पाठीमागे भिंतीत एक खिडकी होती. पूर्वी तिच्यातून चिकूची खोकी बाहेर जायची. तिला त्याने सरकतं दार बसवलं. दारापलीकडे पडवी, पडवीत एक शेगडी, आणि शेगडीपाशी तू.

तुला तिथे बसवलं तेव्हा त्यात काही वाईट आहे असं मला वाटलं नाही. मला सोयीचं वाटलं. मोटारीतून उतरणारी माणसं, त्यांच्यासमोर तुझं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातावरचं गोंदण, तंबाखूची डबी. निहार म्हणाला, “पाहुण्यांना एकच शेफ दिसायला हवा.” मी मान हलवली. त्याने परदेशातून आणलेली कारणं मला पुरली, कारण माझी स्वतःची कारणं त्याच्याआधीपासून घरात होती.

सॉस तुझ्याकडे आला तो अपघाताने. त्या सॉसचं फ्रेंच नाव ब्यूर ब्लाँ. कांदा आणि शिरका, म्हणजे व्हिनेगर, आटवायचा, त्यात गार लोणी थोडं थोडं घालत ढवळायचं. जरा आच जास्त झाली की तूप वर आणि आंबट पाणी खाली. सुरुवातीला निहारचा दर दोन दिवसांनी फुटायचा. एकदा चिडून त्याने तो टोप तुझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हे नुसतं ढवळत राहा.” अर्ध्या तासाने पाहतो तर सॉस साईसारखा. “कढीच ना?” तू म्हणालीस. “कढी फुटते ती घाईने. निहारभय्या घाई करतात.” बोटांची मागची बाजू तू टोपाला लावायचीस आणि आच आहे की नाही ते ठरवायचीस. ओल्या फडक्यावर टोप उतरवायचीस, पुन्हा चढवायचीस. पुढे परदेशी शिरका संपला तेव्हा तू पाड्यावरून ताडीच्या शिरक्याची बरणी आणलीस. लहानपणी इराण्याच्या वाडीवर कामाला होतीस, तिथे म्हातारीने शिकवलेला. त्या शिरक्याने सॉसला जी चव आली तिच्यासाठी माणसं महिना महिना आधी स्टूल राखून ठेवू लागली. दोन महिन्यांत तो सॉस पूर्ण तुझा झाला होता. निहार खिडकीतून टोप घ्यायचा आणि पाहुण्यांसमोर चमच्याने माशावर ओतायचा. एवढंच त्याचं काम.

तुला त्या जेवणाचं काही कौतुक नव्हतं. “आजाऱ्याचं जेवण,” म्हणायचीस. “मिरची नाय, हळद नाय. एवढी मोटारीतून येतात, त्यांना घरी कोण जेवायला देत नाय काय?” मी हसायचो. तू हसायची नाहीस, टोपावरची नजर काढायची नाहीस.

एकदाच तू काहीतरी मागितलंस. पगारवाढ नाही, सुट्टी नाही. म्हणालीस, “शेठ, एक दिवस मला पुढे उभं राहू द्या. खाताना त्यांचं तोंड कसं होतं ते बघायचं आहे.” शेडवर दोन वर्षं तू रांधत होतीस आणि तुझा सॉस खाणाऱ्या माणसाचं तोंड तू एकदाही पाहिलं नव्हतंस. निदान मी तरी तुझ्यासमोर खायला हवं होतं. मी खायचो, पण फळीच्या पुढे, स्टुलावर, पाहुण्यांच्या बाजूने. तुला म्हणालो, “पुढच्या हंगामात बघू.”

त्यावर आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तू विचारलंस, “हंगाम चिकूचा की पाहुण्यांचा?” मी पुढे माझ्या स्टुलाकडे गेलो.

आता त्या दुपारबद्दल. निहारचे फ्रान्समधले गुरू भारतात आले होते. सत्तरीचा माणूस, जाडजूड हात. त्याच्यासाठी निहारने आठही स्टूल मोकळी ठेवली होती; एकावर तो, एकावर मी. पापलेटाचा पहिला घास घेतला आणि म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग पावाने ताटली पुसून खाल्ली. मग त्याने निहारकडे नीट पाहिलं आणि रिकाम्या ताटलीकडे बोट दाखवून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. निहारचा चेहरा पडला. म्हातारा उठला, फळीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने खिडकीचं दार सरकवलं.

तू टोप फडक्यावर धरून उभी होतीस. तो वाकून पाहत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, “ही कोण?”

निहारने माझ्याकडे पाहिलं. पोरगा लहान असताना मार चुकवायला असाच पाहायचा. आणि मी, जाणता माणूस, घरात मोठा, इंग्रजीत म्हणालो की ही बाई भांडी घासायला असते.

तुला कळू नये म्हणून इंग्रजीत. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. तो तुझ्या टोपाकडे पाहत होता. पण पाहुणा होता, परत येऊन बसला. निहारने दार सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर आलो तर भांडी घासणारी बाई यायच्या आत तू सगळी भांडी घासून पालथी घातली होतीस. जेवणाची, रांधण्याची, कपाटातली न वापरलेलीसुद्धा. मी म्हणालो, “हे कशाला?” तू हात पुसत म्हणालीस, “तुम्ही पाहुण्याला सांगितलं ना शेठ. मग घासली. तुमचं बोलणं खोटं नको पडायला.”

मी माफी मागितली नाही. चहा मागितला. तू तो करून दिलास.

त्या म्हाताऱ्याने केलेल्या कौतुकावर निहार मुंबईला गेला आणि तिथे मोठं काउंटर टाकलं. इथली शेड बंद झाली. एका मासिकात त्याच्यावर लेख आला, फोटोसकट. त्यात म्हटलं होतं की हा ताडीच्या शिरक्याचा सॉस निहारच्या आजीच्या हातचा, डहाणूच्या वाडीतला. आजी म्हणजे माझी आई. मी तुला तो लेख वाचून दाखवला आणि त्या दिवशी तू पहिल्यांदा खळखळून हसलीस. “तुमच्या आईला ताडीचा वास आला तर ती ओटा धुवून काढायची. मला दोनदा आंघोळीला पाठवलं तिने.” मी म्हणालो, “त्याला फोन करू का? सुनावू का?” तू म्हणालीस, “सुनवा.” मी फोन केला नाही. उलट त्याने मागितला तेव्हा शिरका मी तुझ्याकडूनच भरून घेतला आणि चिकूच्या ट्रकमधून पाठवत राहिलो. तू विचारायचीस, “अजून आजीच करते काय?” आणि बरणीचं तोंड बांधायचीस.

मग चार दिवसांचा ताप, आणि तू नाहीस. मग निहारचा फोन.

मी त्याला म्हणालो, “बरण्या आहेत. रविवारी दुपारी ये आणि स्वतः घेऊन जा.”

मग तुझ्या घरी गेलो. तलासरीच्या अलीकडच्या त्या पाड्यावर मी वीस वर्षांत दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा तुला कामाला बोलवायला. तुझा नवरा रावजी अंगणात बसला होता. तुझी मुलगी सुनंदा अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मी म्हणालो, “रविवारी शेडवर जेवायला या. लखमीच्या माणसांनी आठही स्टुलांवर बसायचं.” सुनंदा म्हणाली, “कशासाठी?” मी खरं कारण सांगितलं नाही. म्हणालो, “तिच्या आठवणीत.” खरं कारण हे होतं की मला निहारला तुझ्या माणसांसमोर उघडा पाडायचा होता. मी खिडकीला बाहेरून फळ्या ठोकल्या. आतलं त्याचं जुनं सामान काढलं. फक्त तुझा टोप, तुझा लाकडी चमचा, कांदे, पापलेट, म्हशीचं घरचं लोणी आणि तुझी एक बरणी ठेवली.

निहार आला तेव्हा तुझी माणसं स्टुलांवर बसलेली होती. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून तुझ्या बहिणीने मांडी घातली होती. तो दारातच थांबला. मी म्हणालो, “बरण्या मिळतील. आधी यांना तो सॉस करून वाढ. समोर उभा राहून. काउंटरवर काही लपवायचं नसतं.”

तो हसला. बाह्या सारल्या. शेगडी पेटवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

“थर्मामीटर कुठे आहे?”

“तिच्याकडे नव्हता.”

“बरं, क्रीम?”

“तिच्याकडे नव्हतं.”

पहिला सॉस फुटला. पिवळं तूप वर तरंगत राहिलं. रावजी वाकून टोपात पाहत म्हणाला, “फुटली.”

निहार म्हणाला, “लोण्यात पाणी आहे, काका. मुंबईचं बटर वेगळं असतं.”

“तिचंही हेच होतं,” रावजी म्हणाला. “कर अजून एकदा. घाई नाय आम्हाला. जीप पाचला आहे.”

दुसराही फुटला. आता त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो ओल्या फडक्यावर टोप उतरवत होता, पण उशिरा, प्रत्येक वेळी उशिरा. मला आनंद झाला, लखमी. मी खोटं लिहीत नाही. लहानपणी ज्याला खांद्यावर बसवून नरपडच्या किनाऱ्यावर फिरवलं, त्याला असं पुन्हा पुन्हा चुकताना पाहून मला बरं वाटलं. मी म्हणालो, “सांग यांना. सॉस कुणाचा?”

“लखमीबाईंचा,” तो टोपात पाहत म्हणाला.

“आजीचा नाही?”

“नाही.”

“त्यांच्याकडे बघून सांग.”

त्याने बघून सांगितलं. मग चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला. “झालं, मामा? आता दुसरंही सांगून टाकू. माझ्या गुरूंनी ही कोण म्हणून विचारलं होतं. तेव्हा उत्तर कोणी दिलं? तू सांगतोस की मी?”

आठ माणसांची साक्ष मी त्याच्यासाठी गोळा केली होती. ती सगळी माझ्याकडे वळून बसली. तुझ्या बहिणीनेसुद्धा मांडी मोडून तोंड फिरवलं. मी सांगितलं. जे इंग्रजीत बोललो होतो ते पहिल्यांदा मराठीत बोललो, आणि मराठीत ते वाक्य फार छोटं होतं.

कुणी दचकलं नाही. सुनंदा म्हणाली, “माहीत आहे आम्हाला.”

रावजी म्हणाला, “त्या आठवड्याला घरी आली तेव्हा सांगितलं तिने. इराण्याच्या वाडीवर राहून तेवढं इंग्रजी कळायचं तिला. शेठनी मला इंग्रजीत भांडी घासायला लावली, म्हणाली. हसली. मग जेवली नाय.”

म्हणजे इतकी वर्षं तुझ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर मी तुझ्या आठवणीत जेवण मांडलं होतं. रावजी मला दर दिवाळीला रामराम घालत आला, तोसुद्धा हे माहीत असताना. निहारला उघडा पाडायला मी बोलावलेल्या आठ माणसांत माझ्याबद्दल नवं कळलेलं कुणीच नव्हतं.

तरी माझी खोड गेली नाही. मी सुनंदाला विचारलं, “तुला येतो का हा सॉस? आईने शिकवला असेल ना? ही शेड पुन्हा उघडू. तू पुढे उभी राहा, सगळ्यांसमोर. तुझ्या आईच्या नावाने.” बोलताना मी निहारकडे पाहत होतो.

तिने ते पाहिलं. “मला पुढे उभं करता ते आईसाठी, का याला दाखवायला?” ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, “नाय शिकवलं आईने. मी मागे लागले होते. म्हणाली, हे शिकलीस तर यांच्या खिडकीमागे बसशील. अंगणवाडीची परीक्षा दे.”

निहार हळूच म्हणाला, “म्हणजे आता कुणालाच येत नाही?”

“नाय,” सुनंदा म्हणाली, आणि स्टुलावरून उतरली. “बरण्या कुठे आहेत?”

मी कपाट दाखवलं. तिने झाकणं उघडून वास घेतला, पुन्हा बांधली आणि एक बरणी निहारच्या हातात दिली. त्याचा चेहरा उजळला. “जीपपर्यंत धरा,” ती म्हणाली. “जड आहेत.”

“तुम्ही याचं काय करणार?”

“बांबूच्या कोंबांचं लोणचं घालू.”

“लोणचं? अहो, हा शिरका लोणच्यात घालायचा नाही…”

“आमच्याकडे तो त्यासाठीच असतो,” रावजी म्हणाला.

निहारने तुझ्या बरण्या उचलून जीपमध्ये ठेवल्या, सगळ्या. मीही ठेवल्या. माझा सूड मला घ्यायचा होता आणि तू तो कधीच घेऊन टाकला होतास, कुणाला न सांगता, मुलीला एक गोष्ट न शिकवून. माझ्या हातात तुझ्यासाठी करण्यासारखं काही उरू दिलं नाहीस. यासाठी मी तुझ्यावर रागावलो आहे. आभारही मानायला हवेत असं वाटतं, पण अजून जमत नाही.

एवढं मात्र केलं. त्या मासिकाला पत्र लिहिलं आणि तो सॉस कुणाचा होता ते कळवलं. छापतील न छापतील. हा लेख मात्र छापून येईल. माझी बहीण, निहारची आई, लेख वाचेल आणि माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. ज्या घराची लाज राखायला मी ते वाक्य बोललो, त्या घरानेही आता ते वाचावं.

लेखाबरोबर छापायला फोटो हवा म्हणून परवा मी सुनंदाकडे गेलो होतो. आमच्याकडे तुझा एकही फोटो नाही. वीस वर्षांत लग्नं झाली, मुंजी झाल्या, शेडचं उद्घाटन झालं. सगळे फोटो काढून पाहिले, तू कशातच नाहीस. तिच्याकडे आहे, मोबाईलमध्ये. तिने तो मला दाखवला. तू अंगणात बसून कुणाकडे तरी पाहून हसते आहेस. मी म्हणालो, “हा पाठव.”

तिने मोबाईल बंद केला. म्हणाली, “नाव लिहा. फोटो नाय देणार. तुमच्यासमोर होती तेव्हा बघून घ्यायची.”